गाडीच्या स्टिरिओत शिट्टी, घरघर, टकटक : आवाज कुठून शिरतो ते शोधायची रीत

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच्या आठवड्यात शिरपूरकडचा एक शेतकरी गाडी घेऊन दुकानात आला. किल्ली काउंटरवर ठेवत म्हणाला, "भाऊ, गाडी चालू कयी का शिट्टी वाजस." डेक (डॅशबोर्डमधला स्टिरिओ) नवा, सीटमागे चार चॅनेलचा अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर), डिकीत बारा इंची वूफर (बेसचा मोठा स्पीकर). शिट्टी घालवायला त्याने तोवर तीन वस्तू विकत घेतल्या होत्या : मेन वायरवर बसवायचा नॉइज फिल्टर, एक फॅरडचा कपॅसिटर आणि जाडजूड आरसीए केबल (डेकमधून अँपकडे गाण्याचा सिग्नल नेणारी). शिट्टी जशीच्या तशी होती.

डिकीतलं मॅट उचललं. अँपची अर्थ वायर (निगेटिव्ह बॉडीच्या पत्र्याला जोडणारी) ज्या बोल्टला आवळली होती तिथे थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर, हिरवट-पांढरी पूड धरली होती. याच डिकीतून वर्षभर युरियाच्या गोण्या जायच्या. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो आणि तो ओलसर खार तांब्याला खातो. बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, थिंबल नवीन चढवलं. शिट्टी गेली. सामानाचा खर्च वीस रुपयेसुद्धा नव्हता.

त्या माणसाचे आधी गेलेले पैसे मला आजही टोचतात. फिल्टर वाईट वस्तू आहे असं नाही. पण आवाज कुठून आत शिरतोय हे न शोधता वस्तू घेत गेलं तर नेम चुकणारच. अमळनेरला गाड्यांचं वायरिंग करताना मी जी रीत पाळतो ती इथे क्रमाने सांगतो. बहुतेक तपासण्या घरच्या अंगणात होण्यासारख्या आहेत.

हाताशी काय लागेल

एक डिजिटल मल्टिमीटर. साधा पाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि या कामाला पुरतो. दहा आणि बारा नंबरचे पाने, पॉलिश पेपर, एक जास्तीची आरसीए केबल, आणि पाच-सहा मीटर जाड वायर, तिच्या दोन्ही टोकांना क्लिप. शिवाय एक वस्तू स्वतः करायची : खराब केबलचा आरसीए पिन कापून घ्या आणि त्याची मधली दांडी व बाहेरची रिंग एकमेकांना सोल्डर करून टाका. असे दोन पिन करा. यांना मी मुके पिन म्हणतो. काम कसं करतात ते पुढे येईल.

वायर सोडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि काम संपल्यावर तीच सगळ्यात शेवटी लावा. काही डेक बॅटरी काढली की कोड मागतात, तो आधी कागदावर उतरवून ठेवा. सीटखाली पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. बऱ्याच गाड्यांची पेट्रोल टाकी मागच्या सीटखाली येते, त्यामुळे खाली काय आहे हे गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय ड्रिल मारायचं नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दीड फुटाच्या आत मेन फ्यूज असलाच पाहिजे. तो नसेल तर आवाजाचं काम बाजूला ठेवून आधी तो बसवा. पत्र्याच्या धारेवर वायर सोलली आणि मध्ये फ्यूज नसला तर गाडी पेटते.

पहिलं काम : नुसतं ऐका

गाडी शांत जागी लावा, काचा वर, एसीचा ब्लोअर बंद. मग पाच मिनिटं फक्त ऐका. गिऱ्हाईक "आवाज येतो" एवढंच सांगतं, पण आवाजाच्या जातीवरच अर्धा निकाल लागतो.

किल्ली फिरवून डेक लावा, इंजिन बंद ठेवा. या वेळी सतत "स्सऽऽ" असा आवाज येत असेल तर त्याचा अल्टरनेटरशी संबंध नाही. तो बहुधा अँपवरचा गेनचा नॉब जास्त फिरवल्याचा असतो, त्याबद्दल पुढे येईल. आता इंजिन चालू करा. बारीक शिट्टी सुरू झाली आणि रेस दिल्यावर तिचा सूर चढत गेला, तर तो अल्टरनेटरचा सूर आहे. आमच्याकडे बरेच जण त्याला डायनॅमो म्हणतात.

हा सूर येतो कसा, ते थोडक्यात. अल्टरनेटरमध्ये तीन फेजचा एसी करंट तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. पण तो डीसी बॅटरीसारखा सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा राहतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लाटा येतात. पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनच्या सुमारे अडीचपट फिरतो असं धरलं, तर ८०० आरपीएमला सेकंदाला १,२०० लाटा होतात आणि २,००० आरपीएमला ३,०००. म्हणजे १,२०० हर्ट्झपासून ३,००० हर्ट्झपर्यंत चढणारी शिट्टी. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून एवढीशी शिट्टीसुद्धा गाण्याच्या वर ऐकू येते. लाटा प्रत्येक गाडीत असतात. त्या गाण्यात कुठल्या दारातून शिरल्या, तेच शोधायचं आहे.

शिट्टीऐवजी रेसबरोबर वेग घेणारी "टकटकटक" असेल आणि गाडी पेट्रोलची असेल, तर स्पार्क प्लगच्या बाजूला पाहायचं. डिझेल इंजिनात स्पार्क नसतोच, त्यामुळे डिझेल जीपमध्ये कुणी प्लग बदला म्हणालं तर ऐकू नका. वायपर, हॉर्न, इंडिकेटर, काच वर-खाली करायची मोटर एकेक करून चालवा. त्यातल्या एकाबरोबरच खरखर येत असेल तर दोष त्या मोटरजवळच्या अर्थमध्ये किंवा वायरच्या वाटेत असतो.

दुसरं काम : साखळी अर्ध्यावर तोडा

मोबाइल किंवा रेडिओ, मग डेक, मग आरसीए, मग अँप, मग स्पीकर. या साखळीत आवाज कुठे मिसळतो ते एकेक कडी सोडवून कळतं. इंजिन चालू ठेवा, शिट्टी येऊ द्या, आणि डेकचा व्हॉल्यूम शून्यावर न्या.

शिट्टी व्हॉल्यूमबरोबर कमी होऊन गेली, तर ती व्हॉल्यूमच्या बटणाआधी शिरतेय : मोबाइल, ऑक्स केबल (मोबाइल डेकला जोडणारी), चार्जर, रेडिओची अँटेना. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही शिट्टी तेवढीच राहिली, तर ती बटणानंतर शिरतेय : डेकचा मागचा भाग, आरसीए, अँप किंवा त्यांचे अर्थ. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी बरेच जण करतच नाहीत, आणि मग चुकीच्या टोकाला दिवसभर झटत बसतात.

शिट्टी बटणानंतरची निघाली, तर गाडी आणि अँप बंद करा. अँपमधले आरसीए काढा आणि तिथे मुके पिन लावा. अँपच्या इनपुटलाच हं. डेकच्या आउटपुटला मुका पिन लावला तर डेकची लाइन शॉर्ट होईल. आता चालू करा. तरीही शिट्टी येते? मग आरसीए आणि डेक निर्दोष. दोष अँपच्या पॉवर-अर्थमध्ये, स्पीकरच्या वायरीत किंवा खुद्द अँपमध्ये. शिट्टी गेली? मग मुके पिन काढून जास्तीची आरसीए केबल डेकपासून अँपपर्यंत सीटांवरून, मोकळी, सगळ्या वायरींपासून लांब टाका. एवढ्याने शिट्टी गेली तर जुनी केबल किंवा तिची वाट खराब. नाही गेली, तर मोबाइल चार्जरला न लावता ऑक्स-टू-आरसीए केबलने थेट अँपला जोडा. मोबाइलवर गाणं स्वच्छ वाजलं तर दोष डेककडे किंवा डेक आणि अँप यांच्या अर्थमधल्या फरकात आहे.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कळत नाही आणि महिन्याने तो परत येतो.

तिसरं काम : अर्थ, आणि इथे घाई नको

माझ्याकडे शिट्टीच्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं अर्थमध्येच निघतं. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

अँप गाडीच्या मागे, डेक पुढे. दोघांचा निगेटिव्ह बॉडीच्या पत्र्याला जोडलेला. दोन्ही अर्थ एकाच पातळीवर असतील तर काही बिघडत नाही. पण अँपच्या अर्थच्या जोडात ०.०१ ओहमसुद्धा अडथळा असला आणि त्यातून ३० अँपिअर वाहिले, की तिथे ०.३ व्होल्ट उभे राहतात. आता डेकचा शून्य आणि अँपचा शून्य वेगळे झाले. या दोघांना जोडणारी दुसरी वाट कोणती? आरसीएची बाहेरची जाळी. फरकाचा करंट तिच्यातून धावतो, अल्टरनेटरच्या लाटा सोबत नेतो, आणि अँप त्यांना गाणं समजून मोठं करतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आरसीएवर डेक जेमतेम २ ते ४ व्होल्ट पाठवतो, हे लक्षात घेतलं की व्होल्टचा एखादा बारीक अंशही किती जड पडतो ते कळेल.

मोजायची रीत अशी. मीटर डीसी व्होल्टच्या सगळ्यात लहान रेंजवर. लांब वायरच्या आधाराने एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा, दुसरं अँपच्या 'ग्राउंड' स्क्रूवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, गाणं जोरात. रीडिंग ०.१ व्होल्ट किंवा कमी आलं तर अर्थ उत्तम. ०.२ च्या पुढे गेलं तर तो जोड उघडायचा. शिरपूरच्या त्या गाडीत ०.६२ आलं होतं. ओहम मोडवर हा जोड तपासू नका. साधं मीटर एवढा बारीक अडथळा दाखवत नाही, जोड चांगला असो की खराब, शून्यच दाखवतं आणि माणूस फसतो. करंट वाहत असताना व्होल्ट मोजणं हीच खरी परीक्षा.

मीटर नसेल तर ती पाच-सहा मीटरची जाड वायर खिडकीतून आत घ्या. एक क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी अँपच्या ग्राउंड स्क्रूला. शिट्टी गेली किंवा निम्मी झाली, तर अर्थच दोषी.

आता नीट अर्थ करायचा. बॉडीचा जाड, मूळ पत्रा निवडा. पातळ पट्टी किंवा नुसता स्क्रूने अडकवलेला ब्रॅकेट नको. सीट बेल्टचा बोल्ट कधीच वापरू नका. तो जिवाच्या सुरक्षेचा आहे, आणि त्याच्या आट्यांवर लॉकिंगचा लेपही असतो. जागा ठरली की थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. रंग जाईल, त्याखाली राखाडी प्रायमर दिसेल. बरेच जण इथेच थांबतात. प्रायमर करंट जाऊ देत नाही. तो गेला आणि पत्रा आरशासारखा पांढरा चमकला, की मग थांबा. त्यावर थिंबल, थिंबलवर दातेरी वॉशर, ८ मिलिमीटरचा बोल्ट, मागून नट, आणि हाताने हलवून हलणार नाही इतकं आवळणं. नंतर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात, म्हणजे गंज धरणार नाही. थिंबल आणि पत्रा यांच्या मध्ये मात्र काही लावायचं नाही.

अर्थची वायर दीड फुटाच्या आत ठेवा आणि जाडी बॅटरीकडून अँपला येणाऱ्या मेन वायरइतकीच. मेन ४ गेज आणि अर्थ १० गेज, असं काम मी बऱ्याच गाड्यांत पाहतो. गेला तेवढाच करंट परत यायचा असतो, म्हणून अर्थ बारीक ठेवून चालत नाही. ४ गेज म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर तांबं, ८ गेज म्हणजे ८.४. स्वस्त किटमध्ये बाहेरचं प्लास्टिकच जाड असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ते अॅल्युमिनियम आहे. त्याची वाहकता तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्के, म्हणून एक साइज वरची वायर घ्यावी लागते.

डेकचा अर्थही विसरू नका. डेकच्या कपलरमधली काळी वायर कुणी तरी मध्येच तोडून टेपने जोडलेली असते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे त्याहून जास्त तापतं. त्या उष्णतेत काळ्या टेपचा चिकट वितळतो, टेप उलगडते, जोड उघडा पडतो. आपल्या भागात टेपच्या जोडावर विसंबू नये. सोल्डर करून हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून बसणारी) चढवा, नाहीतर चांगला क्रिंप करा, म्हणजे धातूची टोपी दाबून जोड करा. दोन अँप असतील तर दोघांचे अर्थ एकाच बोल्टवर आणा. हट्टी शिट्टीत डेकचाही अर्थ वेगळ्या वायरने त्याच बोल्टवर आणला की फरक उरतच नाही.

बोनेट उघडलंच आहे तर इंजिनपासून बॉडीला येणारी विणलेली अर्थपट्टीही पाहा. इंजिन चालू असताना इंजिनचा मोकळा धातू आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी यांच्यात ०.१ पेक्षा जास्त व्होल्ट दिसले, तर ती पट्टी साफ करा किंवा बदला. बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी पूड गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा.

डेकच्या आतला केसाएवढा फ्यूज

अर्थ उत्तम, केबल नवीन, मोबाइल थेट अँपला लावला की स्वच्छ, पण डेकमधून शिट्टी येतेच. अशा वेळी काही डेकमध्ये आरसीएच्या बाहेरच्या रिंगला जोडणारा अगदी बारीक फ्यूज उडालेला असतो. अँपचा अर्थ सुटला आणि सगळा करंट आरसीएच्या जाळीतून परत निघाला, किंवा डेक चालू असताना आरसीए काढ-घाल केली, की तो उडतो. तपासायला डेक बंद करा, आरसीए काढा, मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देणाऱ्या मोडवर) ठेवा, एक टोक डेकच्या आरसीएच्या बाहेरच्या रिंगवर आणि दुसरं डेकच्या धातूच्या पेटीवर. बीप वाजला नाही तर संशय पक्का करायला पातळ वायरने ती रिंग आणि पेटी तात्पुरती जोडा. शिट्टी लगेच गेली तर फ्यूज उडालाय. मग डेक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. आणि आधी अँपचा अर्थ नीट करा, नाहीतर नवीन फ्यूजही उडेल. म्हणूनच मी डेक आणि अँप बंद असल्याशिवाय आरसीएला हात लावत नाही.

वायरींची वाट

मेन वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. गाडीची स्वतःची जाड वायरिंग ज्या बाजूने जाते तिथेही आरसीए नको. एकमेकांना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. उरलेली आरसीए गुंडाळून अँपखाली कोंबू नका. शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पावसाळ्यात उंदीर शिरतात आणि मॅटखालच्या वायरी कुरतडतात. सोललेली स्पीकर वायर पत्र्याला टेकली की खरखर होते, कधी अँप प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. एक वाट पूर्ण हाताने चाचपून पाहायला दहा मिनिटं पुरतात.

अल्टरनेटर खरंच बिघडलाय का

हे तपासायचं, पण अर्थनंतर. इंजिन बंद, गाडी काही तास उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. नव्या काही गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे हा आकडा खाली-वर होतो. त्यावरून घाबरू नका.

आता मीटर एसी व्होल्टवर घ्या, टोकं बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, इंजिन २,००० च्या आसपास. ०.१ पेक्षा कमी असेल तर निरोगी. ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेल्याचा दाट संशय, आणि मग शिट्टीत एक जाड घरघरही मिसळलेली ऐकू येते. इथे एक सावधगिरी बाळगा. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीच मोजतात आणि ३० च्या आसपास काही तरी दाखवतात. टोकं उलटी धरा. उलट धरल्यावर शून्य आलं तर ते मीटर या कामाचं नाही, दुसरं आणा. डायोड प्लेट बदलणं हे अल्टरनेटर उघडणाऱ्या कारागिराचं काम आहे, आणि बऱ्याचदा पूर्ण अल्टरनेटर बदलायची गरज पडत नाही.

पेट्रोलची टकटक

प्लगच्या नंबरमध्ये बहुतेक कंपन्या 'आर' अक्षर घालतात, म्हणजे आत सुमारे पाच हजार ओहमचा रेझिस्टर आहे. बदलताना कुणी बिन-रेझिस्टरचा प्लग टाकला की टकटक सुरू होते. जुन्या गाडीत प्लगच्या वायरी तडकलेल्या असतात. रात्री अंधारात बोनेट उघडून पाहिलं तर ठिणग्या दिसतात. हात लावू नका, नुसतं पाहा. ही टकटक मीडियम वेव्हवर सगळ्यात जास्त, एफएमवर कमी.

चार्जर, डॅशकॅम, एलईडी बल्ब

व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होणारा आवाज निघाला असेल तर बहुधा इथेच दोष सापडेल. मोबाइल चार्जरला आणि ऑक्सलाही लावलेला असला, की लूप तयार होतो. चार्जरची पिन ओढा. शिट्टी थांबली? मग तीन वाटा : ब्लूटूथवर गाणी ऐका, चांगला चार्जर घ्या, किंवा ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि लहान ट्रान्सफॉर्मर खोल बेस नीट पुढे जाऊ देत नाही. ढोलाचा ठोका पोकळ वाटायला लागतो. वूफर लावलेल्या माणसाला मी ब्लूटूथच सुचवतो.

रेडिओवर खरखर असेल तर आधी सिग्नल पाहा. सातपुड्याच्या पायथ्याला, तोरणमाळच्या वळणांवर किंवा कन्नड घाटात आकाशवाणी तुटते ती डोंगरामुळे. त्यात गाडीचा दोष नाही. गावातसुद्धा खरखर असेल तर डेकमागून अँटेनाची पिन काढा. खरखर पूर्ण थांबली तर ती अँटेनातून येतेय. मग गाडीतल्या वस्तू एकेक करून बंद करा : यूएसबी चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट. या सगळ्यांत सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होणारं सर्किट असतं आणि त्याचा कचरा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्यापर्यंत पोहोचतो. ज्याने खरखर थांबली त्याची वायर अँटेनाच्या वायरपासून लांब न्या आणि वस्तूच्या अगदी जवळ फेराइटचा मणी (असा कचरा अडवणारा) चढवा. छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी गंज असेल तर तोही घासा.

"स्सऽऽ" : गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

लग्नसराईत अहिराणी गाणी जोरात वाजावीत म्हणून गेन पूर्ण फिरवलेला अँप मी दर हंगामात पाहतो. गेनचं काम डेकच्या सिग्नलशी अँप जुळवणं एवढंच. तो वाढवला की गाण्याबरोबर फुसफुसही तेवढीच वाढते, आणि स्पीकर जळतो तो वेगळाच.

गेन शून्यावर, बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. ओळखीचं स्वच्छ गाणं लावा, गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. वूफरला मीटरनेही करता येतं : स्पीकरच्या वायरी अँपमधून सोडा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, एवढे व्होल्ट हवेत. ५० वॉट आणि ४ ओहमला २०० चं वर्गमूळ, म्हणजे १४.१. तिथे गेन थांबवा, मग स्पीकर जोडा. डेक बदलायचा विचार असेल तर ४ व्होल्ट प्रीआउटचा, म्हणजे आरसीएवर ४ व्होल्ट देणारा घ्या. सिग्नल जोरकस आला की गेन कमी लागतो आणि फुसफुस आपोआप खाली बसते.

डेक चालू-बंद करताना "धप्प" होत असेल तर रिमोट वायर (डेकबरोबर अँप चालू-बंद करणारी) पाहा. तिच्यावरच पंखा किंवा दुसरी वस्तू जोडलेली असते. ती वस्तू रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) घ्या, आणि रिलेच्या कॉइलवर डायोड लावा.

जो आवाज विजेचा नाहीच

दाराचं पॅनेल, नंबर प्लेट, डिकीतला जॅक हेही बेसबरोबर खुळखुळतात, आणि मालक अँपला दोष देतो. टेस्ट टोन ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा आणि दुसऱ्या माणसाला पॅनेलवर हात दाबत फिरायला सांगा. जिथे हात ठेवल्यावर खुळखुळ थांबते तिथे फोम किंवा डॅम्पिंग शीट. स्पीकरचा कोन दोन्ही बाजूंना सारखी बोटं ठेवून अलगद दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासतेय आणि तो स्पीकर बदलावाच लागेल. कपाशीच्या शेतरस्त्यावरची काळी धूळ उघड्या स्पीकरमध्ये बसूनही असं होतं.

फिल्टर कधी

अर्थ ०.१ च्या आत, आरसीए दुसऱ्या बाजूने, डेक तपासलेला, अल्टरनेटर निरोगी, आणि तरीही बारीक शिट्टी उरली, तेव्हा फिल्टर घ्या. तो डेकच्या पॉवर वायरवर, डेकच्या अगदी जवळ, आणि डेकच्या फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा. एक फॅरडचा कपॅसिटर जोरदार बेसच्या ठोक्याला क्षणभर व्होल्टेज सावरतो. शिट्टीवर तो औषध नाही.

काम झाल्यावर मी अँपच्या बाजूला पांढरी टेप चिकटवतो आणि तिच्यावर अर्थचं रीडिंग व तारीख लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कुणीही उघडलं तरी तुलना करता येते. शिरपूरच्या त्या गाडीवर ०.०४ लिहिलं होतं. अर्थचा बोल्ट डिकीच्या तळातून काढून वर चाकाच्या कमानीवर नेला आणि युरियाच्या गोण्यांखाली ताडपत्री टाकायला सांगितली. पोळ्यानंतर तो भाऊ केळीचं पान बांधलेली भरताची वांगी घेऊन आला, तेव्हा मी पुन्हा मीटर लावलं. पूर्ण पावसाळा काढून रीडिंग ०.०५ होतं.